माझी तिसरी मूठ

मी एक जुना रेझर आहे. म्हणजे माझा दोन-तृतीयांश भाग जुना आहे आणि एक-तृतीयांश गेल्या महिन्यातला आहे. अशा स्थितीत स्वतःला जुना म्हणवून घ्यावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी ठरवलं, की ज्या भागाला आठवतं त्याचं वय धरायचं.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना दाढी नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. पण त्यामुळे मला थोडं समजावून सांगावं लागेल. माझे तीन भाग. वर एक टोपी आणि तिच्या पोटातून खाली आलेला स्क्रू. मधे एक दातेरी पट्टी. खाली मूठ. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये ब्लेड ठेवायचं, स्क्रू पट्टीच्या भोकातून खाली काढायचा आणि मूठ फिरवून आवळायची. झालो मी तयार. ब्लेड हा माझा भाग नाही. तो पाहुणा. येतो तेव्हा फार तोऱ्यात असतो, पाच-सहा दाढ्यांत नरम पडतो आणि जातो. मी त्यांची नावं लक्षात ठेवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या प्रेसखाली पितळेचा पत्रा ठेवला, वरून दणका बसला आणि मी टोपी झालो. माझं बालपण एवढंच. मग मला चकचकीत मुलामा दिला, पुठ्ठ्याच्या डबीत निजवलं आणि एका दुकानाच्या काचेत ठेवलं. तिथे मी दीड वर्ष होतो. लोक यायचे, काचेजवळ थांबायचे, वाकायचे. मला वाटायचं, आता नेणार. ते काचेत बघून स्वतःचा भांग नीट करायचे आणि निघून जायचे.

मग एक दिवस मालक आले. तेव्हा ते कुणाचेच मालक नव्हते. एका वर्कशॉपमध्ये नव्याने लागलेले टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर धातूचा तुकडा गरागरा फिरवत त्याला आकार देणारा माणूस. बाकीची गिऱ्हाइकं रेझर गालापाशी धरून बघायची. मालकांनी माझी मूठ काढली, मला डोळ्याजवळ नेलं आणि माझ्या स्क्रूवरचे आटे निरखले. आटे म्हणजे स्क्रूवर गोल गोल फिरत वर जाणाऱ्या त्या बारीक खाचा.

"आटे चांगले पाडलेत," मालक म्हणाले.

"साहेब, दाढीच करायचीय ना?" दुकानदाराने विचारलं.

"ती होईलच."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मला आटे आहेत हे तोवर मलाच ठाऊक नव्हतं.

पुढची त्रेचाळीस वर्षं मी रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मालकांच्या चेहऱ्यावरून फिरलो. तुम्हाला शाळेचा रस्ता जसा पाठ असतो तसा तो चेहरा मला पाठ होता. डाव्या गालावर मोकळं मैदान. हनुवटीवर एक खळगा, तिथे हळू. नाकाखाली श्वास धरायचा. त्यांनीही आणि मीही. मुलगी झाली त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली. एकदा केली आणि केल्याचं विसरून पुन्हा केली. काही वर्षांनी मालकीणबाई गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही सहा दहाला मी बेसिनपाशी होतो. त्या दिवशी आम्ही फक्त हनुवटीपर्यंत पोहोचलो आणि तिथेच बराच वेळ थांबलो.

मुठीवर पकडीसाठी बारीक नक्षी होती. त्यांच्या अंगठ्याच्या जागी ती झिजून गुळगुळीत झाली. ती मूठ माझ्याशी कधी एक शब्दही बोलली नाही. पण तिच्या न बोलण्यात एक आपलेपणा होता.

मालक निवृत्त झाले तेव्हा मुलीने त्यांना बॅटरीवर चालणारं दाढीचं मशीन दिलं. मुलगीही टर्नरच. लेथ तिला मालकांनीच शिकवली. मशीन आलं तेव्हा मी मनाची तयारी केली. मालकांनी ते एकदा चालू केलं, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय." बेअरिंग गेलेलं नव्हतं. पण त्यानंतर त्या मशीनने फक्त सोफ्यावर आलेले लोकरीचे गोळे काढले. आमच्या घरातला सोफा आजही अतिशय तुळतुळीत आहे.

मित्रांनो, इथवर माझी गोष्ट सुखाची आहे.

सहा-सात महिन्यांपूर्वी एका सकाळी मालकांच्या उजव्या हाताने मला उचललंच नाही. हात बेसिनच्या कडेवर पडून होता आणि मालक त्याच्याकडे, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसे बघत होते. डॉक्टरांनी त्याला झटका म्हटलं. तीन आठवड्यांनी मालक घरी आले. बोलणं ठीक होतं, काठी घेऊन चालणंही जमत होतं. उजवा हात मात्र नुसता सोबतीला होता. चेहऱ्याची उजवी बाजू थोडी सैल झाली होती. आणि त्या चेहऱ्यावर दाढी होती. पांढरी, दाट. माझ्या मैदानावर कुणीतरी जंगल लावलं होतं.

"बाबा, सलूनवाल्याला घरी बोलावते," मुलगी म्हणाली.

"माझी दाढी दुसरा करेल तेव्हा मी आडवा असेन."

"मग मी करते."

"तू लेथ चालव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार आतून लावलं आणि डाव्या हाताने मला उचललं. माझी मूठ बारीक. उजव्या हाताला त्रेचाळीस वर्षांची सवय होती. डावा हात नवशिका. मी सटकलो आणि फरशीवर आपटलो. माझ्या टोपीला पोचासुद्धा आला नाही. मूठ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली. मालकांना खाली वाकून आम्हाला गोळा करायला दहा मिनिटं लागली. टोपी आणि पट्टी त्यांनी काचेच्या ग्लासात ठेवली. मूठ स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मुलीने विचारलं, "काय पडलं?" ते म्हणाले, "साबण." साबण पडल्यावर खणकन आवाज होत नाही. पण मुलीने पुढे विचारलं नाही.

त्यानंतर मी ग्लासात पडून होतो. मूठ नसलेल्या रेझरला दिवसभर काही काम नसतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली की नळ सुटायचा, मालक तोंड धुवायचे, टॉवेलने दाढी टिपायचे आणि माझ्याकडे न बघता जायचे. मला मुठीची आठवण यायची. त्याहून जास्त हनुवटीच्या खळग्याची यायची. कुणाच्या चेहऱ्याची अशी ओढ लागणं ही रेझरच्या दृष्टीने जरा लाजिरवाणी गोष्ट आहे, पण खरं तेच सांगितलं पाहिजे.

आणि आता ताईंबद्दल.

ताई म्हणजे मालकांची मोठी बहीण. मालक सहा वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून ताईंनीच त्यांना वाढवलं. आता त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. नदीपलीकडे राहतात. कंबरेचं हाड मोडल्यामुळे वर्षभर अंथरुणावर आहेत. मालक दर रविवारी दाढी करून, बस पकडून त्यांच्याकडे जायचे. झटका आल्यापासून एकदाही गेले नव्हते. आणि ताईंना हाताचं काही सांगितलंही नव्हतं.

"सांगून टाका ना आत्याला," मुलगी म्हणायची.

"सांगितलं तर ती उठून येईल."

"तिला उठता येत नाही, बाबा."

"म्हणूनच."

रोज अकरा वाजता ताईंचा फोन यायचा. बेसिनपासून फोन चार पावलांवर, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ताई मोठ्याने बोलतात. त्यांना अजून वाटतं की नदी ओलांडायला आवाज लागतो.

"छोट्या, कधी येतोस?"

"दाढी झाली की निघालोच."

पहिल्या आठवड्यात ताई हसल्या. दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "अरे, दाढी करतोयस की शेती?" चौथ्या महिन्यात त्या फक्त "बरं" म्हणाल्या. मालक फोन ठेवून तिथेच उभे राहायचे. त्यांनी सगळंच दाढीवर ढकललं होतं. डॉक्टरांची तपासणी, चष्म्याचा नंबर, शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न. त्या मुलाचं लग्न होऊन तो आता बायकोशी भांडायलाही लागला होता आणि मालक अजून म्हणत होते, "दाढी झाली की भेटून येतो."

एका रविवारी मुलीला खुर्चीचा पाय बसवायला स्क्रू हवा होता. तिने डबा उघडला. चिरलेली मूठ तिच्या हातात आली. झिजलेल्या जागेवर तिने स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. मग ती बेसिनपाशी आली, ग्लासातून मला काढलं आणि माझ्या स्क्रूचं माप घेतलं. कित्येक महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. हात कसला, माप घ्यायचं व्हर्निअर होतं, तरी बरं वाटलं.

मूठ जाड हवी हे तिला कळलं होतं. किती जाड, हे बाबांना विचारायची सोय नव्हती. म्हणून दिवसभर ती घरातल्या वस्तू त्यांच्या डाव्या हातात देत राहिली. "बाबा, ही टॉर्च धरा. बाबा, हे गाजर धरा. बाबा, जरा ही काकडी धरा."

"माझ्या डोक्यावर परिणाम झालाय की तुझ्या?" मालकांनी विचारलं.

"घट्ट धरा."

ती काकडी तिने व्हर्निअरने मोजली. चौतीस मिलिमीटर. नंतर तिची कोशिंबीर झाली नाही. ती काकडी वर्कशॉपमध्ये नमुना म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पितळेची जाडजूड मूठ घेऊन आली आणि काही न बोलता बेसिनवर ठेवून गेली. मालकांनी ती पाहिली. दार लावलं. कमोडचं झाकण खाली करून बसले, मला गुडघ्यांत धरलं आणि डाव्या हाताने मूठ फिरवायला लागले. मी श्वास रोखला. मूठ बसेना. पुन्हा फिरवली. बसेना. माझी चूक असावी असं वाटून मी शरमलो. मालकांनी मुठीचं भोक उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि आत बघितलं. मग मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं नळ गुरगुरतोय. मालक हसत होते. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण दोन्ही बाजूंचं हसत होती.

"ए बाई!" त्यांनी दार उघडलं. "उलटे आटे?"

मित्रांनो, साधा स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो. उलट्या आट्यांचा डावीकडे फिरवावा लागतो. मी साधा. मूठ उलटी. आमचं जमणं शक्य नव्हतं.

"तुम्हीच शिकवलंत," मुलगी म्हणाली. "सायकलचं डावं पॅडल, उलटे आटे. ग्राइंडरचं डावं चाक, उलटे आटे. डाव्या बाजूला नेहमी उलटे आटे."

"अगं, बाजू डावी असेल तर! हात डावा म्हणून आटे उलटे पाडतात का? उद्या डावखुऱ्या माणसासाठी जिनाही उलटा फिरवशील!"

"मला वाटलं तुम्हाला सोपं जाईल."

"वीस वर्षं लेथवर काय केलंस तू? वजनही सगळं शेपटाकडे गेलंय. कागद आण."

तिला इतकं झापलं जात होतं आणि ती हसत कागद आणायला धावली. कित्येक महिन्यांत बाबांनी तिला पहिल्यांदाच झापलं होतं.

मालकांनी डाव्या हाताने मुठीचं चित्र काढलं. त्याला त्यांच्या भाषेत ड्रॉइंग म्हणतात. बाजूला मापं लिहिली, आटे कोणते ते लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि सही केली. डावा हात तो. प्रत्येक रेघ हेलकावे खात गेली होती.

दोन दिवसांनी माझी तिसरी मूठ आली. ती सरळ नव्हती. वरपासून खालपर्यंत तिच्या अंगावर लाटा होत्या.

"हे काय?" मालक म्हणाले. "भूकंपात केलीस का?"

"ड्रॉइंगप्रमाणे केलीय." तिने कागद समोर धरला. "खाली सही तुमची आहे."

ड्रॉइंगमध्ये असेल तसंच करायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हाही मालकांनीच शिकवलेला नियम. ते काहीतरी बोलायला गेले आणि बोलता बोलता त्यांनी मूठ हातात घेतली. त्यांची चार बोटं चार लाटांमध्ये जाऊन बसली. मालकांनी मूठ घट्ट आवळली. मुलीने कागदाची घडी घातली.

रविवारी सकाळी दहा वाजता त्यांनी दार आतून लावलं, कात्रीने जंगल छाटलं आणि फेस लावला. नवी मूठ, नवा हात, जुना चेहरा. डाव्या गालावर मी पोहोचलो तेव्हा मला रस्ता आठवत होता. तो चेहरा बारीक झाला होता, पण रस्ते तेच होते. आम्ही दोनदा कापलं. मालकांनी "हं" म्हटलं आणि पुढे गेलो. अर्ध्या तासात डावी बाजू झाली. खळगाही झाला. इतका आनंद मला दुकानाच्या काचेतून सुटतानाही झाला नव्हता.

उजवीकडे मात्र अडलं. ती बाजू सैल होती. सैल कातडीवर रेझर चालत नाही. ती आधी ताणून धरावी लागते. ताणायचं काम दुसऱ्या हाताचं, आणि दुसरा हात रजेवर होता. मालकांनी खांद्याने गाल ढकलून बघितला. दाराच्या चौकटीला गाल घासून बघितला. शेवटी कपड्यांचा चिमटा गालाला लावला. चिमटा फेसावरून सुटला, छताला लागला आणि बादलीत पडला. आम्ही तिघांनी, म्हणजे मालक, मी आणि आरशातले मालक, त्या बादलीकडे बघितलं.

"बाबा, ठीक आहात ना?"

"हो. साबण पडला."

आणि तेवढ्यात मालकांना काहीतरी जाणवलं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन वाजला नव्हता.

ते तसेच फेसाने भरलेले बाहेर आले आणि त्यांनी स्वतः फोन लावला. मला ते हातातच विसरले होते. फोन ताईंकडे काम करणाऱ्या बाईंनी उचलला.

"जाग्या आहेत हो. पण आज मला फोन लावूच दिला नाही. म्हणाल्या, राहू दे. त्याची दाढी काही होत नाही."

मालकांनी फोन ठेवला. उरलेला फेस टॉवेलने पुसला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर छाटलेलं पांढरं रान. मुलीने त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, अर्धी राहिलीय."

"माहितीये. माझे बूट बांध."

मला त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. का घातलं ते मला माहीत नाही. बहुधा त्यांनाही नसावं. बसमध्ये ते तिघांच्या सीटवर मधे बसले, मुलगी मागच्या सीटवर. डावीकडच्या लोकांना एक नीटनेटके आजोबा दिसत होते. उजवीकडच्यांना घरदार सोडून निघालेला माणूस. डावीकडच्या बाईने त्यांना वेळ विचारली. उजवीकडच्या माणसाने त्यांना विचारलं, "बाबाजी, आमची परिस्थिती कधी सुधारेल?" मालकांनी दोघांनाही घड्याळात बघूनच उत्तर दिलं.

ताईंची खोली लहान होती. खिडकीशी पलंग, उशाशी फोन. ताईंनी मान वळवली. आधी त्यांनी डावा गाल पाहिला, मग उजवा. मग काठी. मग लोंबणारा हात. शर्टाच्या खिशातून डोकं बाहेर काढून मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी हात पुढे करून मालकांचा उजवा हात घेतला आणि दाबला. त्या हाताने उलट दाबलं नाही.

"कधीपासून?"

"होत आले सहा महिने."

"आणि मला सांगत होतास दाढी."

"दाढीच होती, ताई."

"गाढवा," ताई म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "मला वाटलं, मी आता अशी पडलेली. तुला बघवत नसेल मला. म्हणून येत नाहीस."

मालक पलंगाच्या कडेवर टेकले. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर भिंत होती, पण तिने ती लक्षपूर्वक बघितली.

थोड्या वेळाने ताईंनी नाक पुसलं. "आण इकडे तो रेझर."

"नको. तुझा हात थरथरतो."

"तुझा तर हलतच नाही."

"दुसऱ्याच्या हातून मी करत नाही."

"तू कर रे. मी फक्त ओढून धरते."

काम करणाऱ्या बाईंनी वाटीत कोमट पाणी आणि अंघोळीचा साबण आणला. मुलीने फेस केला, पण लावायला मालकांनी स्वतःच घेतला. ते ताईंकडे वाकले. ताईंनी दोन्ही हात वर केले, उजव्या गालावर अंगठे टेकवले आणि कातडी कानाकडे ओढली. त्यांचे हात थरथरत होते. मालकांचा डावा हात थरथरत होता. मी मधे होतो. खरं सांगतो, मित्रांनो, दोन थरथरी एकत्र आल्या की कधी कधी एकमेकींना सांभाळून घेतात. एकदाही कापलं नाही.

"तोंड मिट. हं. आता इथे. अरे, इथे राहिलंय."

"दिसतंय मला."

"कुठे दिसतंय? आरसा कुठाय इथे?"

गाल झाला. मी ताईंच्या अंगठ्यापाशी येऊन थांबलो, तरी त्यांनी अंगठा लगेच काढला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तुम्ही दोन गोष्टींची भीक घाला. काम झालं की आम्हाला धुऊन, पुसून, कोरडं ठेवा. पितळ तक्रार करत नाही, नुसतं हिरवं पडतं. आणि कुणी तुम्हाला "कधी येतोस?" असं विचारत असेल, तर आरशात बघत बसू नका. असाल तसे निघा. उरलेली दाढी तिथे जाऊन करता येते.